आजीचा हात कुठवर पोचतो?

पातळी ३ : घर आणि घरातल्या वस्तू

वाचण्यापूर्वी

तुमच्या बाथरूममध्ये किती बाटल्या आहेत? त्यांतल्या रोज किती लागतात? आधी अंदाज लिहा, मग जाऊन मोजा.

पाठ

आम्ही सौदी अरेबियात, रियाधला राहतो. घर भाड्याचे आहे. एप्रिलच्या शेवटी वाईहून आजी तीन महिन्यांसाठी येणार होती. तिच्या खोलीजवळचे बाथरूम लहान होते. खिडकी नाही, हवा बाहेर टाकणारा एक पंखा, आणि जागा मिळेल तिथे बाटल्या. आई म्हणाली, "आजी यायच्या आत हे नीट लावायचं. काम तुम्हा दोघांचं."

ताईने आणि मी दुकानातून एक सुंदर रॅक आणले. भिंतीला भोक पाडायला नको, म्हणून रबरी चकत्यांनी चिकटणारे घेतले. त्यात उंचीप्रमाणे बाटल्या लावल्या. फारच छान दिसत होते. रात्री दोन वाजता धाडकन आवाज झाला. रॅक खाली आणि शाम्पू फरशीभर!

बाबांनी चकती उलटून दाखवली. "हे बघा, टाइल्सवर पांढरा थर आहे. पाण्यातले क्षार ते. त्यावर रबर घट्ट बसत नाही, मधून हवा शिरते." मग थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "आज नुसत्या बाटल्या पडल्या. आजी असती आणि तिनं तोल सावरायला हेच धरलं असतं तर?"

मागच्या वर्षी आजी वाईच्या घरी न्हाणीघरात घसरली होती. तिचे मनगट मोडले होते. तेव्हापासून घरात दुसरे कोणी नसेल तर ती आंघोळीलाच जात नाही. हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळले.

शुक्रवारी सुट्टी होती. आम्ही आजीला व्हिडिओ कॉल केला. ताईने तिला कपाटांची चित्रे दाखवली.

"छान आहेत गं," आजी म्हणाली. "पण मी स्टुलावर बसून आंघोळ करते. बसल्या बसल्या माझा हात पोचेल का तिथं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा विचार आम्ही केलाच नव्हता.

"आजी, तुमच्या जुन्या घरात सामान कुठं ठेवायचे?" मी विचारले.

"भिंतीतच कोनाडा होता. त्यात साबण, शिकेकाई, वज्री. बंबातलं गरम पाणी बादलीत घ्यायचं आणि पाटावर बसायचं. हात लांब केला की कोनाडा. ज्यानं घर बांधलं, त्यानं आधी पाटावर बसून बघितलं असणार!"

मग काकूने आजीला स्टुलावर बसवले आणि टेपने मोजले. न वाकता, न ताणता आजीचा हात जमिनीपासून ४० ते ११० सेंटिमीटरपर्यंत पोचत होता. ताईने आमच्या भिंतीवर त्या दोन उंचींवर रंगीत चिकटपट्टी लावली. आता आमची खरी योजना सुरू झाली.

१. चार ढीग. आम्ही सगळे सामान बाहेर काढले. रोज लागणारे, आठवड्यातून लागणारे, कधीतरी लागणारे आणि बाथरूममध्ये नकोच असलेले, असे चार ढीग केले. चौथा ढीग सगळ्यांत मोठा झाला! त्यात औषधे होती. वाफेने आणि दमट हवेने औषधे खराब होऊ शकतात, म्हणून ती खोलीतल्या कपाटात गेली. जादा टॉवेलही तिकडेच गेले.

२. धोक्याच्या बाटल्या वेगळ्या. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचे ॲसिड एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो. आईने ती दोन्ही बाहेरच्या बंद कपाटात, वेगवेगळ्या खणांत ठेवली.

३. दोन पट्ट्यांच्या मध्ये आजीचे सामान. साबण, शाम्पू, तेल आणि वज्री यांच्यासाठी जाळीचे लहान रॅक घेतले. जाळीतून पाणी गळून जाते, म्हणून साबण मऊ पडत नाही. आमच्या वस्तू ११० सेंटिमीटरच्या वर गेल्या. फरशीवर फक्त स्टूल आणि बादली ठेवली.

४. धरायला दांडी. टॉवेलची दांडी टॉवेलचे वजन पेलते, माणसाचे नाही. माणसाने धरायची दांडी भिंतीत स्क्रूने पक्की बसवावी लागते. घर भाड्याचे, म्हणून बाबा हारिसला भेटले. इथे इमारतीच्या राखणदाराला हारिस म्हणतात. त्याने घरमालकाला फोन लावला आणि परवानगी मिळाली. प्लंबरने आधी भिंतीतले पाइप कुठून जातात ते तपासले, मगच भोक पाडले. रॅकही त्याच दिवशी स्क्रूने बसवले.

५. मराठी चिठ्ठ्या. बाटल्यांवर अरबी आणि इंग्रजी होते. आजीला दोन्ही वाचता येत नाही. म्हणून मी मोठ्या अक्षरांत मराठी चिठ्ठ्या लिहिल्या आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली.

एक चिठ्ठी नळासाठीही लिहिली. रियाधला बरेचसे पाणी समुद्राचे असते. जुबैलच्या किनाऱ्यावर त्यातले मीठ काढतात आणि ४०० किलोमीटरहून लांब पाइपांतून ते इकडे आणतात. आमच्या इमारतीत ते गच्चीवरच्या टाकीत साठते. उन्हाळ्यात टाकी इतकी तापते, की थंड पाण्याच्या नळालाही गरम पाणी येते! तेव्हा आम्ही गीझर बंद ठेवतो. गीझर घराच्या आत, सावलीत असतो, म्हणून त्यातलेच पाणी त्यातल्या त्यात थंड असते. मी निळ्या नळावर लिहिले : "आजी, उन्हाळ्यात इथूनही गरम पाणी येते. आधी हात लावून बघ."

आजी आली. तिने सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. "कंडिशनर" लिहिताना माझी एक वेलांटी चुकली होती, ती तिने पेनने दुरुस्त केली. बाकी काही बोलली नाही.

दोन आठवड्यांनी आम्ही शाळेतून आलो, तर आजी ओले केस पुसत बसली होती.

"आई कुठंय?" ताईने विचारले.

"बाजारात गेलीय. म्हटलं, तेवढ्यात आंघोळ उरकून घेऊ."

शब्दार्थ

न्हाणीघर : आंघोळीची खोली
कोनाडा : भिंतीतच ठेवलेली, वस्तू ठेवायची लहान जागा
बंब : पाणी तापवायचे तांब्याचे जुने भांडे, त्याच्या मधल्या नळीत जाळ करतात
वज्री : पाय घासायची खरखरीत वस्तू
तोल सावरणे : पडता पडता स्वतःला सांभाळणे
उरकणे : काम झटपट संपवणे

बोलताना आणि लिहिताना

बाबा म्हणतात, "तिनं धरलं असतं." पाठात लिहिले आहे, "ताईने विचारले." बोलताना तिनं, धरलं, कुठं, लिहिताना तिने, धरले, कुठे. पाठातली अशी आणखी चार बोली रूपे शोधा आणि त्यांची लेखी रूपे लिहा.

प्रश्न

१. पहिले रॅक का पडले? दोन वाक्यांत सांगा.
२. आजीच्या जुन्या घरातला कोनाडा सोयीचा का होता?
३. टॉवेलची दांडी आणि धरायची दांडी यांत काय फरक आहे?
४. आजीचे शेवटचे वाक्य ऐकून ताईला काय वाटले असेल? का?

करून पाहा

घरातल्या सगळ्यांत लहान किंवा सगळ्यांत वयस्कर माणसाचा हात कुठवर पोचतो ते मोजा. त्यांच्या रोजच्या तीन वस्तू सध्या कोणत्या उंचीवर आहेत? त्या कुठे हलवाल? पाच वाक्ये लिहा आणि तीन वस्तूंसाठी मराठी चिठ्ठ्या तयार करा.