घरच्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचे दोषनिदान व दुरुस्ती

मोबाइल आणि लहान ब्लूटूथ स्पीकर आज घरोघर पोहोचले आहेत. तरीही १९८० व १९९० च्या दशकांत भिशीच्या पैशातून किंवा हप्त्याने घेतलेले ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि लाकडी पेट्यांचे स्पीकर नागपूरच्या अनेक घरांत अजून जपून ठेवलेले आढळतात. ते बिघडले की एक तर भंगारवाल्याकडे जातात, नाही तर "आयसी उडाली असेल" एवढ्या अंदाजावर त्यांचे सुटे भाग बदलले जातात. दोन्ही प्रकारांत नुकसान घरधन्याचेच. प्रस्तुत लेखात आम्ही तिसरा मार्ग मांडत आहोत. आधी दोष कोठे आहे ते शोधावे, मग तो का उद्भवला ते विचारावे आणि त्यानंतरच हत्यार हाती घ्यावे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि नोकरी बँकेत. तेथे सायंकाळी हिशेब जुळला नाही तर आम्ही साऱ्या नोंदी नव्याने लिहीत बसत नाही. फरकाची रक्कम पाहतो. तिला ९ ने भाग जात असेल तर ५४ चे ४५ अशी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, असा पहिला संशय घेतो. चूक कोठे शोधावी हे तो फरकच सांगतो. ॲम्प्लिफायरचेही असेच आहे.

यंत्राची रचना

ॲम्प्लिफायरचे तीन मुख्य विभाग असतात. पहिला वीजपुरवठ्याचा. त्यात ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि मोठे फिल्टर कपॅसिटर येतात. दुसरा व्हॉल्यूम, बास व ट्रेबलचा. तिसरा आउटपुटचा. त्यात एलए ४४४० किंवा टीडीए २०३० सारखी आयसी, अथवा २एन ३०५५ सारखे ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवलेले असतात. स्टिरिओत डावी व उजवी अशा दोन बाजू असतात आणि वीजपुरवठा बहुधा दोहोंना मिळून एकच असतो. म्हणून दोन्ही बाजू एकदम बंद पडल्या तर प्रथम फ्यूज, वायर व वीजपुरवठा पाहावा. एकच बाजू बंद असेल तर दोष बहुधा त्या बाजूचा. अशा वेळी चालू बाजू आपल्याला नमुना म्हणून उपयोगी पडते.

पेटी न उघडता करावयाची परीक्षा

समजा, डावा स्पीकर बोलत नाही. यंत्र बंद करून मागील बाजूस दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करावी. पुन्हा चालू केल्यावर डावाच स्पीकर मुका राहिला तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. डावा बोलू लागला आणि उजवा मुका झाला तर दोन्ही स्पीकर निर्दोष आहेत. मग वायरी पूर्ववत करून डेककडून येणाऱ्या दोन पिनांची अदलाबदल करावी. आता उजवा मुका झाला तर दोष डेकमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये. डावाच मुका राहिला तर दोष ॲम्प्लिफायरच्या आत आहे हे ठरले. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

घरघर येत असेल तर व्हॉल्यूम पूर्ण कमी करून पाहावा. घरघर कमी झाली तर ती व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातून येते. बहुधा केबलची बाहेरची जाळी तुटलेली असते. व्हॉल्यूम बंद करूनही ती तशीच राहिली तर फिल्टर कपॅसिटरवर संशय घ्यावा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, पण चार डायोडांच्या ब्रिजमधून गेल्यावर तिची थरथर १०० हर्ट्झ होते. म्हणून केबलची घरघर खोल खर्जातली, तर कपॅसिटरची त्याहून वरच्या पट्टीतली व किंचित खरखरीत ऐकू येते.

बटण फिरवताना खर्रखर्र होत असेल तर आत धूळ व गंज साचला आहे असे समजावे. नागपुरात उन्हाळाभर कूलरची ओलसर हवा यंत्रावर येते, त्यामुळे हा दोष येथे फार. यंत्र बंद ठेवून कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा द्यावा आणि बटण वीसएक वेळा फिरवावे. खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल सोडू नये. त्यावर पुन्हा धूळ चिकटते.

पेटी उघडताना

येथून पुढचे काम शिकलेल्या माणसाने किंवा त्याच्या देखरेखीखाली करावे. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून न काढता १०० ओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवावी आणि मीटरने खात्री करावी. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर जाड तार कधीही लावू नये. त्याने आग लागू शकते. त्याऐवजी पुरवठ्याच्या मार्गात १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब सिरीजमध्ये जोडावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटतच राहिला तर आत शॉर्ट आहे.

स्पीकर जोडण्यापूर्वी आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजावे. आउटपुटला कपॅसिटर नसलेल्या यंत्रात ते शून्याजवळ हवे. तेथे काही व्होल्ट डीसी आढळले तर स्पीकरची कॉइल जळते.

दोष का झाला?

जळालेली आयसी बदलणे म्हणजे निम्मी दुरुस्ती. १४ एप्रिलला अनेक घरांतील स्टिरिओ अंगणात येतो आणि त्याला जास्तीचे स्पीकर जोडले जातात. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहमचा होतो आणि यंत्रावर जवळजवळ दुप्पट करंटचा ताण पडतो. त्यात एप्रिलचे ऊन. ही जोडणी तशीच राहिली तर नवी आयसीही जळेल.

आमच्या वस्तीतील एका आजींचा स्टिरिओ एका दुकानदाराने "यात आता काही उरले नाही" म्हणून परत केला होता. आजींचे यजमान वस्तीत भीमगीते गात. त्यांच्या आवाजातील मोजक्या कॅसेट्स त्यांच्या पश्चात आजींकडे होत्या, पण लावल्या की घरघरीत शब्द बुडत. व्हॉल्यूम बंद केला तरी घरघर तशीच. उघडून पाहता दोन्ही फिल्टर कपॅसिटर वरून फुगलेले. आयसी शाबूत होती. यंत्र टिनाच्या छपराखाली, भिंतीला टेकून, वर कपडा घालून ठेवलेले होते. अशा कपॅसिटरचे आयुष्य उष्णता १० अंशांनी वाढली की साधारण निम्मे होते. आम्ही सीताबर्डीतून तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, पण ८५ ऐवजी १०५ अंशांचे कपॅसिटर आणून धन-ऋण टोके तपासून बसवले, कपडा काढला आणि यंत्राची जागा बदलली. घरघर गेली. आजींनी त्या दिवशी एकच कॅसेट तीनदा ऐकली.

वस्तीतील दहावी झालेल्या मुलामुलींना आमची एक सूचना आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तेथे सोल्डरिंग, मीटर व सर्किट यांचे पद्धतशीर शिक्षण मिळते. एक साधा मीटर, २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न आणि धीर एवढ्या भांडवलावर हा हात तयार होतो. भाग बदलणारे पुष्कळ आहेत, पण कारण शोधणारा कारागीर कमी मिळतो. म्हणून यंत्र समोर आले की प्रथम विचारावे, दोष कोणत्या बाजूचा? आणि भाग बदलण्यापूर्वी विचारावे, हा गेला कशाने?