अनटिल आणि येईस्तोवर

आमच्या होस्टेलवर नावाने हाक मारायची पद्धत नाही. कुणी लातूर, कुणी चिपळूण, आणि माझी रूममेट वाटूर. जिल्हा जालना, तालुका परतूर. "लातूर का?" असं परत परत विचारणाऱ्याला ती उत्तर देत नाही.

मागच्या सेमिस्टरला सेमिनारमध्ये वाटूर बॉयलरवर बोलत होती. तयारी जबरदस्त, स्लाइड्स सुंदर. बोलता बोलता ती म्हणाली, "वी शुड नॉट ओपन द व्हॉल्व्ह अनटिल द प्रेशर डझ नॉट ड्रॉप." मी पहिल्या बाकावर होते. खोटं कशाला सांगू, मी हसले. नुसती हसले नाही, मागे वळून बघितलं, मग मागचेही हसले. सरांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे व्हॉल्व्ह नक्की कधी उघडायचा?" वाटूर गप्प. उरलेल्या स्लाइड्स तिने खाली मान घालून वाचून टाकल्या. त्यानंतर महिनाभर ती वर्गात इंग्रजीत एक शब्द बोलली नाही, आणि रूमवर माझ्याशी कामापुरतंच.

त्या रात्री तिने एकच विचारलं होतं. "मग काय म्हणायला पाहिजे होतं?"

"अनटिल द प्रेशर ड्रॉप्स."

"का?"

"तसंच असतं."

मी कॉन्व्हेंटची. चूक माझ्या कानाला टोचते, पण का टोचते ते सांगता येत नाही. 'तसंच असतं' हे उत्तर व्हायव्हात दिलं तर शून्य मार्क पडतील. तेव्हा मंडळी, हा लेख म्हणजे त्या 'का'चं उशिरा दिलेलं उत्तर. आणि हो, महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, म्हणजे तिने आणि मी इंग्रजी सारखीच वर्षं शिकलो आहोत. तेव्हा 'मराठी मीडियमचं असंच' हे कारण कुणी पुढे करू नये.

आधी थोडं व्याकरण, कंटाळू नका. "मी उद्या फोन करीन." यात 'उद्या' हे क्रियाविशेषण, कारण 'करीन' कधी ते तो शब्द सांगतो. आता 'उद्या' काढा आणि त्याच खुर्चीवर एक अख्खं वाक्य बसवा: "जेव्हा मी पोहोचेन तेव्हा फोन करीन." काम तेच, फक्त खुर्चीवर आता शब्दाऐवजी वाक्य बसलं आहे. शाळेत याला क्रियाविशेषणवाक्य म्हणत. हे गौण वाक्य मुख्य क्रियापदाला जोडायला एक जोड लागतो. मराठीत तो फ्लँज कपलिंगसारखा असतो. दोन्ही शाफ्टवर एकेक फ्लँज: जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसं-तसं, जोपर्यंत-तोपर्यंत. इंग्रजी मात्र एकाच बाजूला हुक लावून मोकळी होते. व्हेन, व्हेअर, अॅज, अनटिल. समोरच्या बाजूला काही नाही.

म्हणून आपल्या तोंडून "व्हेन द लेक्चर गॉट ओव्हर, देन वी वेंट" किंवा "ऑलदो ही स्टडीड, बट ही फेल्ड" असं निघतं. तेव्हाचा देन, तरीचा बट. आपण दुसरा फ्लँज शोधत असतो. यात बावळटपणा काहीच नाही, संस्कृतपासून यदा-तदा, यथा-तथा असंच चालत आलंय. गंमत म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीची इंग्रजीही हेच करायची! तिच्यात 'था' असा एक शब्द होता, तो गौण वाक्यात जेव्हाचं काम करी आणि मुख्य वाक्यात तेव्हाचं. पुढे ती जोडी गळाली. आज इंग्रज माणूस "द मोअर, द मेरिअर" म्हणतो ना, तिथे अशाच एका जोडीची खूण राहिली आहे. आपलं जितके-तितके.

पण देन आणि बट या तशा किरकोळ चुका, अर्थ पोहोचतो. अनटिलची भानगड वेगळी, तिथे अर्थच उलटा होतो.

मराठीत जोपर्यंत हा एकच शब्द दोन कामं करतो. "जोपर्यंत पाऊस पडतोय तोपर्यंत आत बस." आणि "जोपर्यंत बस येत नाही तोपर्यंत थांब." पहिल्यात 'नाही' नाही, दुसऱ्यात आहे. जोपर्यंतचा खरा अर्थ 'ही स्थिती चालू आहे तितका वेळ'. सी लिहिणाऱ्यांनी ओळखलं असेलच, हा सरळसरळ व्हाइल लूप आहे. कंडिशन खरी आहे तोवर फिरत राहा. बसची वाट बघायची असेल तर व्हाइल नॉट बस, वेट. म्हणजे आपलं 'येत नाही' हे त्या लूपमधलं उद्गारचिन्ह.

आता पास्कल नावाच्या जुन्या भाषेत रिपीट-अनटिल असा लूप आहे, लिनक्सच्या शेलमध्येही अनटिल आहे. तो उलटा चालतो. कंडिशन खोटी आहे तोवर फिरतो आणि खरी झाली की बाहेर पडतो. इंग्रजी बोलीतला अनटिलही तसाच, नकार त्याच्या पोटातच आहे. त्यात आपण आणखी एक नॉट टाकला की दोन नकार एकमेकांना खातात. वाटूरचं वाक्य शेलला दिलं तर 'प्रेशर उतरत नाहीये' ही अट खरी होताच लूप संपेल आणि व्हॉल्व्ह उघडेल. नेमका नको त्या वेळी! बॉयलरच्या बाबतीत हा विनोद नाही. हसताना हे मला सुचलं नव्हतं.

हे सगळं मी रूमवर बसून शोधून काढलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं नाही झालं. दिवाळीच्या सुट्टीत वाटूरने (सेमिनारनंतर पहिल्यांदाच) मला घरी बोलावलं. जालन्याहून मंठ्याच्या रस्त्याने गेलं की वाटूर फाटा लागतो. दोन दिवस राहिले, भरपूर जेवले. निघताना आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत होतो, सोबत तिची आजी. मी आपली दर दोन मिनिटांनी उन्हात रस्त्यावर जाऊन बघत होते. आजी म्हणाली, "पोरी, बस येईस्तोवर सावलीत बस की."

येईस्तोवर. या शब्दात 'नाही' कुठे आहे?

मी वाटूरकडे बघितलं. तिलाही ते त्याच क्षणी लागलं होतं. आजीचं येईस्तोवर, पुस्तकातलं येईपर्यंत, हाच अनटिल. जोडी नाही, नकार नाही, सगळं एका क्रियापदाच्या पोटात. "प्रेशर उतरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडायचा नाही." असं म्हणून मग इंग्रजी करा, नॉट आपोआप एकदाच येतो. प्रॅक्टिकलला आपण "उतरल्याशिवाय" म्हणतो, तिथेही अनटिलच चालतो. फक्त शिवायमधला नकार अनटिलने आधीच घेतलेला असतो, तो परत द्यायचा नाही.

बस चाळीस मिनिटांनी आली. तोपर्यंत (हा तोपर्यंत एकटाच आहे, बघा) आम्ही आणखी एक गाठ सोडवली. "व्हेन आय विल रीच, आय विल कॉल" ही आपल्याकडची लाडकी चूक. ती येते कुठून? "जेव्हा मी पोहोचेन तेव्हा फोन करीन", दोन भविष्यकाळ, म्हणून दोन विल. तेच "पोहोचल्यावर फोन करीन" म्हणून बघा. पोहोचल्यावर या रूपाला काळच नाही, भविष्य एकट्या 'करीन'मध्ये आहे. इंग्रजीतही विल तेवढाच. आय विल कॉल व्हेन आय रीच. इफचंही तसंच. 'पाऊस आला तर', म्हणून इफ इट रेन्स, विल नको.

मग वाटूरनेच मला अडवलं. "पण 'आय डोन्ट नो व्हेन द बस विल कम' यात विल आहे की. ते तू रोज म्हणतेस." मी परत 'तसंच असतं' म्हणणार होते. ती म्हणाली, "मराठीत सांग." बस कधी येईल माहीत नाही. कधी! जेव्हा नाही. इंग्रजीचा व्हेन एकच, आपले दोन. कधी म्हणजे प्रश्न, तिथे अख्खं वाक्य 'काय माहीत नाही' याचं उत्तर असतं, ते नामवाक्य, तिथे विल चालतो. जेव्हा किंवा आल्यावर असेल तर ते क्रियाविशेषणवाक्य, तिथे विल नाही. एवढा सोपा निकष कॉन्व्हेंटमध्ये मला कुणी सांगितला नव्हता. सांगणार तरी कसा, तो मराठी येणाऱ्यालाच सापडतो.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. उलट दिशेने, मराठीचा साचा घेऊन इंग्रजी शिकवायला आम्हाला आजी लागली.

पुढच्या सेमिनारला वाटूर कंडेन्सरवर बोलणार आहे. मी पहिल्या बाकावरच बसणार आहे, तिनेच सांगितलंय.

हा लेख द्यायच्या आधी तिला वाचायला दिला. तिने पेन्सिलने तीन ठिकाणी गोल केले. सगळीकडे मी "जेव्हा मी वाटूरला गेले, मला कळलं" अशा थाटात लिहिलं होतं. समासात तिने विचारलं होतं, "तुझे तेव्हा कुठे गेले?"