‘नॉर्मल’ : शब्द एक, अर्थ अनेक

‘रिपोर्ट नॉर्मल आला’, ‘बाळंतपण नॉर्मल झाले’, ‘गाड्या आता नॉर्मल धावतात’ अशी वाक्ये आपण नेहमी ऐकतो. तिन्ही वाक्यांत शब्द एकच असला, तरी पहिल्यात तपासणीत दोष आढळला नाही, दुसऱ्यात शस्त्रक्रियेवाचून प्रसूती झाली आणि तिसऱ्यात वाहतूक सुरळीत झाली, असे सांगावयाचे असते. पूर ओसरल्यावर जनजीवन ‘पूर्वपदावर’ येते, तेव्हाही हाच इंग्रजी शब्द आपल्या तोंडी येतो. मराठीत या प्रत्येक अर्थाला निराळा शब्द असताना आपण सर्वत्र एकच शब्द का वापरावा?

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘नॉर्मा’ या शब्दात आहे. नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. चौकटीचा कोपरा काटकोनात बसला की नाही, हे तो गुण्या लावून पाहतो. गणितात पृष्ठभागाशी काटकोन करणाऱ्या रेषेला इंग्रजीत अद्याप ‘नॉर्मल’च म्हणतात, आपण तिला ‘अभिलंब’ म्हणतो. ‘नेहमीचे, सर्वसाधारण’ हा अर्थ 19व्या शतकात रूढ झाला. तेव्हापासून या शब्दात ‘बहुतेकांसारखे’ आणि ‘बरोबर’ हे दोन अर्थ एकत्र नांदू लागले. व्हुंडरलिश या जर्मन वैद्याने 1868 साली हजारो रुग्णांच्या नोंदींवरून शरीराचे तापमान 37 अंश सेल्सिअस ठरविले. ती मुळात सरासरी. पण आपण तिला जणू नियमच मानले. वास्तविक निरोगी माणसाचे तापमानही दिवसभरात थोडे कमीअधिक होतच असते.

तापमानाच्या बाबतीत हा घोटाळा फारसा बाधत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र तो बाधतो. तमिळनाडूत कावेरीकाठी वसलेल्या कुंभकोणम येथे श्रीनिवास रामानुजन (1887–1920) लहानाचे मोठे झाले. शाळेत ते हुशार म्हणून नावाजले गेले व 1904 मध्ये तेथील सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्तीसह दाखल झाले. परंतु गणितापुढे त्यांना अन्य विषय सुचेनात. इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासला जाऊनही एफ. ए. परीक्षेत त्यांना यश आले नाही. सर्व विषयांत सारखी गती असणारा विद्यार्थी हा त्या परीक्षेचा गुण्या होता, आणि रामानुजन त्यात बसत नव्हते. 1913 मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना आपली सूत्रे पत्राने कळविली. 1918 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. ते ‘सर्वसाधारण’ विद्यार्थी नव्हते, हे खरेच. पण म्हणून त्यांच्यात काही उणे होते, असे कोण म्हणेल?

भाषेतही असेच घडते. 17व्या शतकात तंजावरला भोसल्यांचे राज्य आले आणि त्यासोबत गेलेली मराठी कुटुंबे कुंभकोणमलाही स्थिरावली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म 1828 साली येथेच झाला. या कुटुंबांची मराठी आपल्या कानाला वेगळी लागते. तिला ‘बोली’ म्हणावे. ‘अशुद्ध’ म्हणू नये. ‘प्रमाणभाषा’ या शब्दातील प्रमाण म्हणजे मापच. लेखनाच्या सोयीसाठी ते ठरविलेले असते, एवढेच.

पाठगत प्रश्न

पुढील वाक्यांतील ‘नॉर्मल’ हा शब्द काढून त्या जागी नेमका मराठी शब्द योजा. एका वाक्यात केवळ शब्द बदलून भागणार नाही; ते ओळखा आणि संपूर्ण वाक्य नव्याने लिहा.

(अ) संप मिटला व बाजार नॉर्मल झाला.

(आ) यंदा पाऊस नॉर्मल आहे.

(इ) शेजाऱ्यांचा मुलगा डाव्या हाताने लिहितो, तो नॉर्मल नाही.