निरोप पोचला का?

कम्युनिकेशन स्किल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? टाय, ग्रुप डिस्कशन आणि फाडफाड इंग्रजी. कॅम्पस इंटरव्ह्यू जवळ आले की होस्टेलमध्ये रात्री आरशासमोर 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' सुरू होतं. मीही त्यातलाच. पण कामाच्या ठिकाणी बोलायचं कसं, हे मला शिकवलं ते हिंगोली जिल्ह्यातल्या एका सबस्टेशनच्या ऑपरेटर काकांनी, तेही अस्सल मराठवाडी बोलीत.

थर्ड इयरच्या परीक्षेनंतर ट्रेनिंगसाठी मी त्या ३३/११ केव्ही सबस्टेशनवर जात होतो. जूनचा पहिला आठवडा, आदल्या रात्री वादळी वारा झालेला. सकाळी पावणेअकराला काका यार्डात होते आणि कंट्रोल रूममधला फोन वाजला. मी उचलला. पलीकडे लाईनमन. "काकाला सांग, आपला फीडर बंदच राहू दे. तारंवर फांदी पडली, मी चढायलोय." मी "हो, हो" म्हणून फोन ठेवला. काका आत आल्यावर सांगितलं, "लाईनमनचा फोन होता. फीडर बंद ठेवा म्हणाले."

"कोन्ता फीडर?"

"गावठाणचा असेल."

"असेल? बोललं कोन? कुठल्या पोलावर हाय?"

माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. काकांनी लगेच उलटा फोन लावला. लाईनमन होता शेतीपंपांच्या फीडरवर. लोडशेडिंगच्या वेळापत्रकाप्रमाणे तो फीडर बंद होता, म्हणून गडी निर्धास्त. आणि त्याच वेळापत्रकाप्रमाणे तो अकरा वाजता सुरू व्हायचा होता! घड्याळाकडे बघून माझ्या अंगाला घाम फुटला.

काकांनी आधी त्याला खाली उतरवलं. मग ब्रेकर ऑफ असल्याची खात्री केली, आयसोलेटर उघडला, लाईन अर्थ केली आणि पॅनेलवर 'माणसे काम करत आहेत' ही पाटी अडकवली. रजिस्टरमध्ये परमिट लिहिलं: फीडरचं नाव, परमिट घेणाऱ्याचं नाव, वेळ. लिहिलेलं फोनवर वाचून दाखवलं, त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं, जागेवरही अर्थिंग लावायला बजावलं. त्यानंतरच म्हणाले, "आता चढ." काम झाल्यावर ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत केलं. माणसं आणि हत्यारं खाली आली, अर्थिंग काढलं, हे ऐकल्याशिवाय काकांनी स्विचला हात लावला नाही.

दोघांनाही बोलणी बसली. मला म्हणाले, "तू फोन घेतलास, पन निरोप घेतला न्हाईस." खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही, इथे सांगतो. "कुठला फीडर?" हे विचारावंसं वाटलं होतं. पण इंजिनिअरिंगचा मुलगा असून याला एवढंही कळत नाही, असं लाईनमनला वाटेल म्हणून गप्प बसलो. माझ्या त्या लाजेची किंमत कुणी मोजली असती, हा विचार आजही झोप उडवतो.

तुम्ही म्हणाल, ही झाली सबस्टेशनची गोष्ट, मोठे शास्त्रज्ञ असं थोडंच विचारत बसतात? तर ऐका. औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. तिला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या अमेरिकेतल्या दोन थोरल्या बहिणी आहेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे. १४ सप्टेंबर २०१५ ला त्या दोन्हीकडे अशी लहर पहिल्यांदाच नोंदली गेली. ती आधी लक्षात आली जर्मनीत हॅनोव्हरला काम करणाऱ्या मार्को ड्रागो या तरुण संशोधकाच्या. त्याने काय केलं? पेढे वाटले नाहीत. सहकाऱ्याला विचारलं, कंट्रोल रूमला फोन लावला आणि सगळ्या गटाला ईमेल केला: कुणी चाचणीसाठी खोटा सिग्नल तर सोडला नाही ना? कारण गटाची परीक्षा घ्यायला असे सिग्नल पूर्वी गुपचूप सोडले जात. सगळी तपासणी होऊन जगाला बातमी सांगितली ती ११ फेब्रुवारी २०१६ ला. हजाराहून जास्त लेखकांच्या त्या शोधनिबंधाच्या मुळाशी असा एक साधा प्रश्न आहे!

काकांच्या रजिस्टरवरून मी माझ्यापुरते चार नियम केले आहेत:

१. नाव घेऊन बोला. 'आपला', 'तो', 'तिकडचा' हे शब्द कट्ट्यावर ठीक. कामावर फीडरचं, मशीनचं, माणसाचं नाव आणि वेळ सांगा.

२. आकड्यासोबत एकक सांगा. १९९९ मध्ये 'नासा'चं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ नष्ट झालं. एका गटाने आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत दिले, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक सुमारे साडेचार पट!

३. शब्दाचा अर्थ एकच आहे ना, बघा. 'ब्रेकर क्लोज' म्हणजे लाईन चालू; आणि मराठीत 'बंद' म्हणजे लाईन मेलेली. नवखा इथेच फसतो.

४. ऐकलेलं परत म्हणून दाखवा आणि लिहून ठेवा. लिहिलेलंही वाचून घ्या. 'ध चा मा' झाल्याची दंतकथा आपल्याकडे उगाच सांगत नाहीत.

याची सुरुवात नोकरी लागल्यावरच करायची असं नाही. "टाकी भरली की मोटार बंद करायला सांग" असा निरोप होस्टेलमध्ये तीन तोंडांतून फिरतो आणि सकाळी टाकी कोरडी किंवा जिना ओला! उद्या असा निरोप आला तर विचारा: कुठली मोटार, किती वाजता, कोण बंद करणार? रेक्टर सर रागावणार नाहीत, हसले तर हसू द्या.

आणि प्राध्यापकांना, स्टाफमधल्या काका-मामांना एक विनंती. आमच्यापैकी कुणी एकच गोष्ट पुन्हा विचारली तर "एवढंही कळत नाही का?" असं म्हणू नका. ते ऐकून गप्प बसायची सवय लागते. मग एक दिवस आम्ही फोनवर नुसतंच "हो, हो" म्हणतो, आणि पलीकडे कुणीतरी पोलावर चढत असतं.