वैमानिकाचे त्रैराशिक

वैमानिकाचा परवाना मिळविण्याची इच्छा असलेले पुष्कळ तरुण गणिताच्या नावानेच धास्तावतात. विमानात बसून मोठमोठी समीकरणे सोडवावी लागत असतील, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः तेथे बहुतांशी तुमच्याच वर्गातले गणित लागते: गुणाकार, भागाकार, दशांश अपूर्णांक, वेग-काल-अंतर आणि त्रैराशिक. म्हणूनच उड्डाणाचे शिक्षण घेण्यापूर्वी या गणिताची उजळणी करावी, असे जाणते लोक सांगतात. ते चुकल्यास काय ओढवते, हे कॅनडातील एका विमानाच्या हकिगतीवरून कळेल.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडा कंपनीचे एक मोठे विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघावयाचे होते. इंधन दाखविणारे यंत्र बिघडले होते. तेव्हा टाक्यांत मोजपट्टी घालून पाहिले. इंधन ७,६८२ लिटर भरले. प्रवासास हवे होते २२,३०० किलोग्रॅम. आता लिटर हे आकारमानाचे परिमाण आणि किलोग्रॅम हे वजनाचे. त्या इंधनाचा एक लिटर सुमारे ०.८ किलोग्रॅम, म्हणजेच १.७७ पौंड भरतो. कॅनडात त्या काळी पौंड जाऊन किलोग्रॅम येत होते. हिशेब करणाऱ्यांनी लिटरांना १.७७ ने गुणले आणि आलेल्या पौंडांना किलोग्रॅम समजले! जेथे वीस हजार लिटर इंधन घालावयाचे, तेथे पाच हजारही पडले नाही. ओटावाला पुन्हा मोजणी झाली. परंतु गुणक तोच, म्हणून चूकही तीच. आणि हे सारे अनुभवी लोक होते बरे का!

विमान ४१,००० फूट उंचीवर असताना धोक्याचा इशारा मिळाला आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. विमानात ६९ माणसे होती.

कप्तान रॉबर्ट पिअरसन यांना बिनइंजिनाची विमाने चालविण्याचा सराव होता. त्यांनी विमान तरंगत ठेवले. सहवैमानिक मॉरिस क्विंटल हिशेबास लागले. १० सागरी मैल पुढे जाईपर्यंत विमान ५,००० फूट खाली आले होते. सागरी मैल म्हणजे सुमारे ६,०७६ फूट. अर्थात एक फूट उतरताना विमान बारा फूट पुढे सरकत होते. उरलेल्या उंचीत विनिपेगचा विमानतळ गाठता येणार नाही, हे त्यावरून उघड झाले. जवळच गिमली येथे वायुदलाचा जुना तळ होता. क्विंटल पूर्वी तेथे नोकरीस होते. विमान तिकडे वळविले.

त्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या, याची दोघांनाही कल्पना नव्हती! विमान टेकले, पुढचे चाक आत दुमडले आणि नाक जमिनीवर घासत विमान थांबले. काहींना किरकोळ दुखापत झाली. दगावले मात्र कोणी नाही. दुरुस्तीनंतर हेच विमान २००८ सालापर्यंत कंपनीच्या सेवेत होते.