तंग कुठे बसतो?



आम्ही राहतो त्या रायपूरच्या चौबे कॉलनीत घोडा दिसतो तो लग्नसराईत, वरातीपुरता. तरी गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या व्हरांड्यात दोन संध्याकाळी घोड्याच्या तंगावरच बोलणे झाले. शेजारचा नववीतला छात्र सुटीवर आला होता. जानेवारीत त्याला 40 किलोमीटरच्या दौडीत उतरायचे होते. "काका, तंग चामड्याचा घेऊ की निओप्रीनचा?" मी म्हटले, "आधी घोडी दाखव."

असे म्हणण्याला कारण आहे. मी अकरावीत असताना लांबच्या रपेटीत माझ्या घोडीचे जीन सारखे पुढे, खांद्यावर सरकत होते. प्रत्येक मुक्कामाला मी तंग एकेक भोक आवळत गेलो. तिसऱ्या वेळी तिने कान मागे पाडले, मान वळवून माझ्या बाहीला दात लावले. मला ती खोडी वाटली. संध्याकाळी जीन उतरवले तर दोन्ही कोपरांमागे तळहाताएवढी कातडी सोलून निघाली होती. आमचे उस्ताद काही बोलले नाहीत. मिठाचे कोमट पाणी आणि कापूस माझ्या हातात दिला. एकोणीस दिवस तिच्या पाठीवर जीन चढले नाही, आणि रोज पहाटे तिला हाताने फिरवण्याचे काम माझ्याकडे होते.

चूक तंगाच्या जातीत नव्हती, जागेत होती. त्या मुलाला समजावे म्हणून मी आतून पितळेची कळशी आणवली. तिच्या पोटावर सुतळी बांधली आणि कळशी आडवी करून हलवली. सुतळी घसरत घसरत गळ्याशी जाऊन बसली. घोड्याच्या बरगड्यांनाही कोपरामागे असाच एक अरुंद घेर असतो. तंग कुठेही बांधा, चालता चालता तो तिथेच येतो आणि जिनाला सोबत ओढतो. हा घेर काही घोड्यांत कोपरापासून चार बोटे मागे असतो, काहींत थेट कोपराला लागून. माझी घोडी दुसऱ्या प्रकारची होती. आवळल्याने जागा बदलत नाही, फक्त घासणे वाढते. शिवाय फार आवळलेल्या तंगाने घोडा लवकर थकतो, हे वेगळेच.

मग उपाय काय? जिनाला तंग जिथून जोडतो ते पट्टे पाहायचे. आपल्या नेहमीच्या जिनाला बाजूला तीन पट्टे असतात, आणि बहुतेक जण सवयीने कुठलेही दोन वापरतात. अरुंद घेर पुढे असेल तर सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा पट्टा घ्यावा. पुढचा पट्टा जीन खांद्यावर चढू देत नाही, मागचा त्याची शेपटी उडू देत नाही. लष्करी जिनांत हा विचार जुनाच आहे. अमेरिकेच्या घोडदळाने 1859 मध्ये स्वीकारलेल्या मॅक्लेलन जिनात पुढून आणि मागून आलेले पट्टे खाली एका कडीत मिळतात, तंग त्या कडीला. अशा जोडणीत ओढ पुढे-मागे वाटली जाते, आणि पट्ट्यांची लांबी बदलून कडी घोड्याच्या अंगाप्रमाणे सरकवता येते. डोंगर उतरताना दुमची आणि चढताना छातीचा पट्टा मदतीला घ्यावा, पण चुकलेल्या जागेवर तो इलाज नव्हे.

आता मुलाचा मूळ प्रश्न. चामडे मऊ राखले तर उत्तम. घामाचे मीठ जिरून वाळले की लाकूड होते. निओप्रीन धुवायला सोपे, घट्ट धरते, पण घाम शोषत नाही, आणि आमच्याकडच्या उकाड्यात खालची कातडी भिजून हुळहुळी होते. माझी पसंती मोहेरच्या दोऱ्यांच्या तंगाला. घाम शोषतो, हवा खेळते, प्रत्येक दोरी आपापली थोडी सैल पडते. मात्र रोज झटकून, काडीकचरा काढून ठेवावा लागतो. कुसळ अडकले की तोच तंग कानस होतो. इलॅस्टिक असेल तर दोन्ही टोकांना असावे. बकल कोपराच्या आड येऊ नये, म्हणून लांबी घोडीच्या अंगावर सुतळी धरून मोजावी, दुकानात अंदाजाने नव्हे.

तंग एका दमात कसू नये. जीन चढवताना जेमतेम, थोडे चालवून पुन्हा, पहिल्या किलोमीटरनंतर तिसऱ्यांदा, दोन्ही बाजूंनी सारखा. मग पुढचे पाय एकेक पुढे ओढून कातडीच्या चुण्या मोकळ्या कराव्यात. बोटे घालून पाहायची ती छातीखाली. बाजूला पाहिले तर फसगत होते. 160 किलोमीटरच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य नाडी 64 पर्यंत उतरली का ते पाहतात, तसेच पाठ आणि तंगाची जागाही चाचपतात. जखम असेल तर दम कितीही उरो, घोडा तिथेच थांबतो.

एक आठवण या गावाची. 1741 मध्ये भास्करपंत कोल्हटकरांची नागपूरकर फौज रतनपुरापर्यंत आली, ती घोड्यांच्या पाठीवर. आपण मात्र 'खोगीरभरती' हा शब्द टाकाऊ गोष्टीला वापरतो. त्या भरतीत एक गाठ राहिली तर दुसऱ्या दिवशी स्वार पायी, हे जीनगराला ठाऊक असणार.

मुलाच्या घोडीचा घेर फोटोत कोपराला लागूनच दिसत होता. त्याने पहिला आणि तिसरा पट्टा घेतला, सुतळीने मोजून दोऱ्यांचा तंग घेतला. जानेवारीत त्याचा फोन आला. दौड पुरी झाली, कातडी शाबूत, केस सपाट. "पण काका, घामाचा पट्टा डावीकडे अरुंद आणि उजवीकडे रुंद उमटलाय." दोन्ही बाजूंची भोके मोजायला सांगितली. डावीकडे पाचवे, उजवीकडे दुसरे निघाले.