दारिद्र्याचा मापदंड आणि नियमगिरीचा धडा

संपन्न कोण आणि दरिद्री कोण, हा प्रश्न वरवर सोपा भासतो. आपल्याकडे दारिद्र्यरेषा उपभोगखर्चावर आधारलेली आहे. तेंडुलकर समितीने २००४-०५ या वर्षासाठी ग्रामीण भागात दरडोई दरमहा सुमारे ४४७ रुपये ही मर्यादा ठरविली. उपभोगखर्चाच्या पाहणीत रानातून विनामूल्य गोळा केलेल्या वस्तूंचे मूल्यही स्थानिक भावाने धरले जाते. मात्र त्या पुरविणारे रान, झरे आणि बियाणे यांची नोंद त्यात नसते. अर्थशास्त्राच्या भाषेत, येथे प्रवाह मोजला जातो, साठा नव्हे.

हा भेद ओडिशातील नियमगिरीच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांतील या डोंगररांगेत डोंगरिया कोंध हा विशेष असुरक्षित आदिवासी गट राहतो. उतारावर नाचणी व इतर भरडधान्यांची मिश्र शेती आणि वनोपज ही त्याची उपजीविका. डोंगर हा नियमराजा या दैवताचे स्थान असल्याने तो त्यांच्या दृष्टीने विक्रीयोग्य मालमत्ता नाही. माथ्यावरील बॉक्साइटसाठी सुमारे ६६० हेक्टर वनजमीन वळविण्याचा प्रस्ताव आला. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्क कायदा, २००६ चा आधार घेऊन हा विषय ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी बाराही ग्रामसभांनी खाणीस नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली.

या नकारामागे आर्थिक विवेकही आहे. उपसलेले खनिज स्थूल देशांतर्गत उत्पादनात भर घालते. परंतु आटलेला झरा त्यातून वजा होत नाही. मोबदल्याची रक्कम एकदाच मिळते, तर जंगल पिढ्यान्‌पिढ्या पुरते. पवन सुखदेव यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय अभ्यासाने भारतातील वनाश्रित व ग्रामीण गरिबांच्या उत्पन्नात परिसंस्थांचा वाटा सुमारे ४७ टक्के मानला आहे.

अर्थात, यातून अभावाचे उदात्तीकरण होऊ नये. शिक्षण व आरोग्य यांतील उणिवा वास्तव आहेत. अमर्त्य सेन यांच्या क्षमता-दृष्टिकोनानुसार तेही दारिद्र्यच होय. मात्र शाळा आणि दवाखाना मिळण्यासाठी डोंगर गमवावा लागणे, ही विकासाची अट असू शकत नाही. म्हणून दारिद्र्यावरील उत्तरात विद्यार्थ्यांनी उत्पन्न, क्षमता आणि नैसर्गिक साधनांवरील हक्क या तिन्ही अंगांचा एकत्रित विचार करावा.